विस्तव मागणाऱ्या आक्का

आक्का, परवा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी तुमच्याबद्दल बरंच सांगितलं. जन्म अमरावतीकडचा, मास्तरणीची नोकरी, लग्न केलं नाही, आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला वाढवलं, शेवटची वर्षं गरिबांच्या सेवेत घालवली. सगळं खरं होतं. मी पहिल्या बाकावर बसून वाट पाहून राहिली होती, की आता तुम्ही येणार त्यात, आता येणार. नाहीच आल्या. वरणात मीठ कमी टाकायचं आणि मग ताटावर बसून तेच मीठ मागायचं ही तुमची खोड कोणी सांगितली नाही. हसताना तोंडावर पदर धरायच्या ते सांगितलं नाही. विस्तवाचं तर त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून आता मी बोलते, आणि तुमच्याशीच बोलते. दुसऱ्या कोणाशी भांडायची मला सवय नाही.

आणि "गरिबांची सेवा" हे शब्द तुमच्या कानावर पडले असते ना, तर तिथूनच उठून म्हणाल्या असत्या, सेवा कसली, मी तर मागून खाल्लं.

तुमच्या भावाशी लग्न होऊन मी इकडे हिंदी मुलखात, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात आली, तेव्हा दारात तुम्हीच उभ्या होत्या. सासू नाही, सासरा नाही, दोघांच्या जागी तुम्ही. माझ्या आईने बजावलं होतं, ननंद बिनलग्नाची आहे, जपून राहा. मी आठवडाभर जपून राहिली. मग वरणाला फोडणी आधी द्यायची की नंतर, यावरून आपलं पहिलं भांडण झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. ज्याच्याशी भांडता येत नाही त्या माणसात माझा जीव रमत नाही. तुमच्या भावाशी भांडायला जावं, तर ते सायकल काढून ड्यूटीवर निघून जातात. तुम्ही मात्र पाट ओढून समोर बसायच्या. पुरतं भांडायच्या, आणि उठताना म्हणायच्या, "चल कुसुम, आता चहा टाक, घसा कोरडा पडला."

चीनची लढाई झाली, मग पाकिस्तानची. फॅक्टरीचा भोंगा वेळी-अवेळी वाजायला लागला, तुमचा भाऊ दोन-दोन पाळ्यांसाठी डब्यावर डबा न्यायला लागला. रोजंदारीवर गावागावाहून माणसं आली आणि फॅक्टरीच्या भिंतीमागे नाल्याच्या काठाने वस्ती वाढत गेली. टिनाचे पत्रे, पोती, मातीच्या भिंती. आपल्या नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी होतं, तिकडे सगळ्यांना मिळून एक विहीर. मागच्या खिडकीतून त्यांच्या चुलींचा धूर घरात यायचा. मी खिडकी लावून घ्यायची. तुम्ही येऊन उघडायच्या. त्यावरूनही आपलं झालं आहे.

मग चर्चच्या बायकांनी त्या वस्तीत दुधाच्या पावडरीचे पुडे वाटायचं ठरवलं. तुम्ही निघाल्या म्हणून मीही निघाली, नवी चप्पल घालून. चिखलात माझी चप्पल रुतली आणि मी सगळ्या रस्त्याने कुरकुरत होती. बायकांनी पुडे घेतले, मुलांनी घेतले. एका दारात मात्र एक बाई विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. तुम्ही पुडा पुढे केला. तिने हात थांबवला नाही, नुसतं वर पाहिलं.

"आज आई हो दीदी," ती म्हणाली, "कल कहाँ मिलोगी?"

ती रामकली. उर्मट नव्हती हो ती, अगदी साधं विचारलं होतं तिने. आणि सगळ्या वर्गाला प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही, पुडा तसाच पिशवीत ठेवून परत फिरल्या.

त्या दिवशी तुम्ही जेवल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, पुडा नाही घेतला तर नाही घेतला, त्यासाठी तुम्ही काहून उपाशी राहता? तुम्ही म्हणाल्या, "पुड्याचं नाही गं. तिने मला पत्ता विचारला, आणि माझ्याजवळ पत्ता नव्हता."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. तुम्ही रामकलीच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. शाळेची नोकरी तशीच चालू, राहायला मात्र नाल्याच्या काठी. तुमच्या भावाने जेवणाचं ताट सरकवून दिलं. मी तर काय काय नाही बोलली. आपल्या घरात तुम्हाला काय कमी आहे, लोक म्हणतील भावजयीने हाकलली, चर्चमध्ये मी तोंड कसं दाखवू. तुम्ही ट्रंकेत लुगडी भरत होत्या. म्हणाल्या, "काही कमी नाही कुसुम. तेच तर आहे ना." त्या "तेच तर"चा अर्थ मी तुम्हाला पुढे कितीदा तरी विचारला. तुम्ही धड सांगितलंच नाही.

पहिल्याच संध्याकाळी तुम्ही घोळ केला. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, हसून हसून. चूल मांडली, गोवऱ्या आणल्या, आणि काडेपेटी विसरल्या. म्हणून गोवरीचा तुकडा आणि ती टवके उडालेली इनॅमलची ताटली घेऊन रामकलीच्या दारात गेल्या, विस्तव मागायला. नेमक्या दिवेलागणीला. त्या वेळी घरातला विस्तव कोणी बाहेर देत नाही, घरची लक्ष्मी त्याच्याबरोबर निघून जाते म्हणतात. आपण पिढ्यांचे ख्रिस्ती, तुम्हाला हे कुठून ठाऊक असणार? रामकलीने दार लोटून घेतलं. आतून म्हणाली, "साँझ को आग नहीं देते दीदी. सबेरे आना." तुम्ही त्या दिवशी कोरडे पोहे खाऊन झोपल्या.

दुसरं कोणी असतं तर सकाळी दुकानात जाऊन काडेपेटी घेतली असती. मी तर तेच केलं असतं. वाटीभर साखर मागायलासुद्धा मी आजवर कोणाच्या दारात उभी राहिली नाही, माझ्या आईने मला तसं वाढवलंच नाही. तुम्ही मात्र सकाळच्या भोंग्याआधी तीच ताटली घेऊन पुन्हा रामकलीच्या दारात गेल्या. "सबेरे आना म्हणाली होतीस, आली." तिला हसू आलं. तिने चिमट्याने निखारा उचलून ताटलीत टाकला. त्यानंतर तुमच्या खोलीत काडेपेटी कधी आलीच नाही.

मी म्हणायची, हे काय भिकेचे डोहाळे. पण हळूहळू मला दिसायला लागलं की त्या विस्तवाच्या पायी तुम्ही रोज कोणाच्या ना कोणाच्या चुलीपाशी उभ्या राहता. कधी रामकली, कधी समोरची, पनागर गावची म्हणून पनागरवाली. चुलीत राख थंड असली की काल त्या घरी काही शिजलं नाही, हे तुम्हाला विचारावं लागायचं नाही. "बरं, दुसरीकडे पाहते," म्हणून निघायच्या. मग दुपारी शाळेतून आल्यावर त्याच बाईला हाक मारायच्या, बाई गं, माझे डोळे चालत नाहीत, एवढे तांदूळ निवडून दे. आणि निवडलेल्यातले अर्धे तिच्या पदरात. डोळे चांगले चालत होते तुमचे. माझ्या पातळाचा उसवलेला काठ तुम्हाला अंगणाच्या टोकावरून दिसायचा.

विड्या वळायलाही शिकल्या तुम्ही रामकलीकडून, म्हणजे शिकायला बसल्या. तुमची विडी पाहून बायका लोटपोट व्हायच्या. शेवटी रामकलीने तुम्हाला नुसती पानं कापायला दिली, आणि मास्तरीणबाई मान खाली घालून पानं कापत बसल्या. मी एकदा आली तेव्हा रामकली तुमच्यावर खेकसत होती, "ऐसे नहीं दीदी, नस छोड़ के काटो." तुमच्या तोंडावर असं सुख मी आपल्या क्वार्टरात कधी पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटला आक्का. सरळच सांगते, वाटला.

आणि रागही आला. कारण हीच रामकली तुम्हाला रोज विस्तव द्यायची, पण तुमच्या हातचं पाणी घ्यायची नाही. तुमच्या दारात बसायची, उंबऱ्याच्या आत यायची नाही. मी म्हटलं, आपला काय विटाळ होतो का तिला? तुम्ही इतकं करता, आणि तुमच्या माठातलं पाणी तिला चालत नाही? तुम्ही म्हणाल्या, "मी तिच्याकडे घ्यायला जाते कुसुम. ती देते. तिच्या घरचा विस्तव माझं अन्न शिजवतो. आणखी काय पाहिजे?" मला पाहिजे होतं, आक्का. तुम्हाला नव्हतं, मला पाहिजे होतं. माझ्या माणसाच्या हातचं कोणी नाकारलं की माझं रक्त उकळतं.

नाताळाला तुम्ही करंज्यांचा डबा घेऊन वस्तीत फिरल्या, आणि निम्मा डबा परत आला. पुढच्या नाताळाला तुम्ही काय केलं? रवा, गूळ, खोबरं, तेल, सगळा कोरडा शिधा रामकलीच्या दारात नेऊन ठेवला. म्हणाल्या, मला जमत नाही, तूच कर. कोरड्या शिध्याला तिची हरकत नव्हती. तिने आपल्या कढईत तळल्या, आकार मात्र तिच्या होळीच्या गुजियांचा. तिच्या हातच्या म्हणून सगळ्या वस्तीने खाल्ल्या. तुम्ही तिच्या दारात बसून खाल्ल्या, आणि आमच्या घरीही डबा आला. मी म्हटलं, या करंज्या नाहीत. तुम्ही म्हणाल्या, नाताळ तर आहे ना. मी मुकाट्याने तीन खाल्ल्या.

आता स्टोव्हचं. ते भांडण राहिलंच आहे, म्हणून पुन्हा काढते.

तुमचा खोकला मला त्या गुजियांच्या हिवाळ्यापासून आवडत नव्हता. ती बिनखिडकीची खोली, ओल्या गोवऱ्यांचा धूर. मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून वातींचा स्टोव्ह घेतला, रिक्षात मांडीवर ठेवून तुमच्या खोलीवर आणला, रॉकेलची बाटली सुद्धा. तुम्ही तो पेटवून पाहिला, चहा केला, मला पाजला, "छान आहे हो," म्हणाल्या. आणि रविवारी चर्चनंतर तोच स्टोव्ह धुऊनपुसून माझ्या स्वयंपाकघरात परत. मी विचारलं, का? तुम्ही म्हणाल्या, "स्टोव्ह असला तर मी सकाळी कोणाच्या दारात काहून जाऊ? आपला प्रभूसुद्धा विहिरीवर बसून परक्या बाईला पाणी मागतो कुसुम. आधी मागतो, मग देतो."

मी म्हटलं, "त्याला खोकला नव्हता."

तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खोकलाच आला. मी पाठ चोळली. पण स्टोव्ह तुम्ही नेला नाही, आणि मी माझं म्हणणं सोडलं नाही. आजही सोडत नाही. तुमची छाती त्या धुरानेच खाल्ली. तुमचा प्रभू मला क्षमा करो, पण एक स्टोव्ह असता तर तुम्ही आणखी काही वर्षं माझ्याशी भांडल्या असत्या. बोला आता. कधी नव्हे ते शेवटचं उत्तर माझं राहिलं, आणि मला त्यात काही गोडी वाटत नाही.

मग परत लढाई लागली, ही आताची, बांगलादेशाची. फॅक्टरी जवळ म्हणून आपल्याकडे ब्लॅकआउटचा काळोख फार कडक. क्वार्टरातल्या काचांना काळे कागद लावले. वस्तीत तर दिवस मावळायच्या आत चुली विझवा म्हणून पहाऱ्याचे लोक शिट्ट्या मारत फिरायचे. त्या संध्याकाळी मी तुम्हाला घरी न्यायलाच आली होती. फॅक्टरीवर बॉम्ब पडला तर पहिली ही वस्ती उडणार, आणि क्वार्टर तेवढं वाचणार, असं माझ्या डोक्यात काय होतं कोण जाणे. तुम्ही म्हणाल्या, भिंतीच्या या बाजूला पडो की त्या बाजूला. तेवढ्यात शिट्टीवाला रामकलीच्या दारात आला, म्हणाला चुलीवर पाणी ओत. ती ओतेना. निखारे राखेत दाबले, वर घमेलं पालथं घातलं, आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "पानी नहीं डालूँगी भैया. सबेरे दीदी आग लेने आएगी, क्या दूँगी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी एकटीच घरी परतली.

त्याच दिवशी मी निघताना तुम्ही म्हणाल्या होत्या, लढाई संपली की आपण दोघीच भेडाघाटला जाऊ. आले-गेले पाहुणे दाखवायला किती वेळा गेलो आपण, पण दरवेळी डबे उघडायचे, मुलं सांभाळायची. दोघींनी नुसतं नर्मदेकडे पाहत बसायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, तिथे भांडायचं नाही. तुम्ही म्हणाल्या, मग बोलायचं काय? लढाई लवकरच संपली. भोंगा पुन्हा वेळेवर वाजायला लागला. पण तोवर तुम्हाला नाल्यापासून विहिरीपर्यंत चालताना दोनदा बसावं लागत होतं.

दवाखान्यात ठेवलं, तुम्ही हट्टाने खोलीवर परत आल्या. क्वार्टरात चला म्हणून मी हात जोडले. तुम्ही म्हणाल्या, "तिथून मला सकाळचा धूर दिसत नाही गं, तू खिडकी लावतेस." हसतच म्हणाल्या. मी तेव्हापासून खिडकी लावलेली नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेल्या तेव्हा मी उशाशी होती, बाहेर उजाडत होतं, आणि रामकली दारात निखारा घेऊन उभी होती. शेवटचे काही दिवस तीच आणून द्यायची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताटली उंबऱ्यावर ठेवून दिली. तो निखारा तिथेच राख झाला. मी पाहत होती, पण उठली नाही.

पेटीला खांदा द्यायला चर्चचे लोक होते आणि वस्तीतले होते. कब्रस्तानाच्या फाटकाशी वस्तीतली माणसं थबकली, आत यावं की नाही. तुमच्या भावाने मागे वळून त्यांना आत बोलावलं. ते जन्मात मोठ्याने बोललेले नाहीत, त्या दिवशी बोलले.

आणि आज सकाळी मी तुमची खोली आवरायला गेली, आक्का. एकटीच. सामान काय, एक ट्रंक, दोन पातेली, माठ, ती ताटली. चटईवर बसली आणि उठवेना. या खोलीत मी तुमच्याशी इतकं भांडली, पण एक रात्र कधी राहिली नाही. तुम्ही दरवेळी म्हणायच्या, आज राहा गं, आणि मी दरवेळी म्हणायची, घरी दूध नासेल. इतकं तहानल्यासारखं झालं मला तुमच्या आवाजासाठी. नुसतं "चल कुसुम" एवढं कोणी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दारात रामकली आली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, बैठो. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली, तिच्या हातात गोवरीचा तुकडा होता. मला वाटलं, काही द्यायला आली. ती म्हणाली, "बहूजी, आग चाहिए."

मला कळेना. मी तिच्या घराकडे पाहिलं. पत्र्यांतून धूर नव्हता. शेजारी मयत झाली तर ती उठेपर्यंत चूल पेटवत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. पण तुम्हाला तर परवाच पोचवलं होतं. मी विचारलं, चूल्हा नहीं जला? तिने मान हलवली. परवापासून तिच्या घरी चूल नव्हती. मुलं फुटाणे-मुरमुरे खाऊन राहिली होती. "अपने घर में मौत हो तो चूल्हा कहाँ जलता है," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पहले दीदी का जले. फिर मैं यहीं से ले जाऊँगी."

तुमच्या चुलीचा विस्तव, आक्का. तुमच्या हातचं पाणी न पिणारी रामकली तुमच्या चुलीच्या विस्तवावर आपल्या पोरांची भाकरी भाजणार होती. हे पाहायला तुम्ही नव्हत्या. तुम्हाला त्याचं काही वाटलंही नसतं म्हणा. हे तर मला पाहिजे होतं, आणि मिळालं तेव्हा सांगायला कोणी नाही.

मी डोळे पुसले आणि काडेपेटी शोधायला लागली. कोनाड्यात पाहिलं, ट्रंकेमागे पाहिलं. मग आठवलं. मी म्हटलं, रामकली, माचिस होगी तुम्हारे पास? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पान कापताना तुमच्याकडे पाहायची.

"दीदी का चूल्हा माचिस से कब जला, बहूजी?"

मी काडेपेटी शोधायचं सोडलं. मग ती टवके उडालेली ताटली उचलली, रामकलीच्या हातातला गोवरीचा तुकडा घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि समोर पनागरवालीच्या दारापाशी गेली. आत चूल पेटलेली होती, तवा तापत होता. ती मला ओळखत होती, फॅक्टरीच्या क्वार्टरातली बहूजी म्हणून. भाकरी थापायची थांबून माझ्याकडे पाहत राहिली. आक्का, साठ घरांची वस्ती आपल्याकडे पाहून राहिली असं वाटत होतं. मी ताटली पुढे केली.

म्हटलं, "बहन, थोड़ी आग देना."